एक हूड, पाच तोंडं

"याले शेवटी ठेवा, सर."

धनंजय हे माझ्यासमोरच बोलला. माझ्या हातात हूड होता. डोक्यात घालायला उचललेला, तो छातीशी तसाच राहिला.

अमरावतीच्या एमआयडीसीतली पत्र्याची शेड. लोखंडाला गंजापासून वाचवायचं काम करणाऱ्या कामगारांची सर्टिफिकेटची परीक्षा. सकाळी लेखी झाली होती, आता हातचं काम दाखवायचं होतं. प्रत्येकाला एक गंजलेली प्लेट. कॉम्प्रेसरच्या हवेनं तिच्यावर धातूचा बारीक दाणा मारायचा, गंज आणि जुना रंग उडवून लोखंड स्वच्छ करडं करायचं आणि त्यावर प्रायमर चढवायचा. आम्ही पाच जण होतो आणि समोर हूड एकच. हूड म्हणजे डोक्यापासून छातीपर्यंत येणारं जाड टोपरं. पुढे काच, मागे नळी, नळीतून श्वासाची हवा. ते घातल्याशिवाय दाण्यासमोर उभं राहता येत नाही. हजेरी आडनावांच्या अक्षरांप्रमाणे होती. पहिलं नाव माझं. सरांनी ते पुकारलं, मी हूड उचलला आणि धनंजय बोलला.

सर परीक्षा घ्यायला पुण्याहून आलेले. त्यांनी विचारलं, "का? काय अडचण आहे?"

"हायजीनचं हाय, सर. तोंडाले लागते ना थे."

सरांनी बाकीच्या तिघांकडे पाहिलं. एक जण बुटाची लेस बांधायला वाकला, ती बांधलेलीच होती. मग सरांनी हातातल्या हजेरीकडे पाहिलं, माझ्या आडनावाकडे. त्यांना कळलं. मी बौद्ध आहे. आमच्याकडे आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि पुण्याच्या माणसालाही तेवढं समजतं.

"असं करा," ते मला म्हणाले, आवाज खाली आणून. "तुम्ही शेवटी घ्या. तसा काही फरक पडत नाही."

मी हूड बाकावर ठेवला. माझ्या तोंडून "बरं, सर" असं निघालं. तेच सगळ्यात जास्त लागलं. कोणी माझा हात धरला नव्हता, कोणी शिवी दिली नव्हती. मीच ठेवला.

धनंजयनं हूड घातला. काम करून बाहेर आला तेव्हा मानेपासून घामानं निथळत होता. तोच हूड त्यानं मोर्शीच्या प्रवीणच्या हातात दिला. प्रवीणनं तो तसाच घातला, फडक्यानं पुसलाही नाही. मग तिसरा, मग चौथा. चौथ्याच्या गालात खर्रा होता. माझ्यापर्यंत हूड आला तेव्हा तो आतून ओला होता आणि त्याला तंबाखूचा वास येत होता. माझ्या हायजीनची कोणी चौकशी केली नाही. मी तो घातला आणि आत डोळे मिटून घेतले. काही वेळ फक्त नळीतून येणाऱ्या हवेचा आवाज ऐकत उभा राहिलो.

फरक पडत नाही, असं सर म्हणाले होते. फरक पडला. भाद्रपदाचे दिवस, हवा दमट. माझी पाळी आली तेव्हा दिवस कलला होता. मी प्लेट स्वच्छ केली, नीट केली. पण स्वच्छ केलेलं लोखंड उघडं राहू देत नाहीत. ते दमट हवेत बसलं की पुन्हा गंज धरतं. त्याच्यावर लगेच प्रायमर लागतो. आणि प्रायमर दोन डब्यांचा असतो, दोन्ही एकत्र केले की तो ठरावीक वेळात संपवावा लागतो, नाहीतर डब्यातच घट्ट होतो. चौघांसाठी कालवलेला प्रायमर घट्ट झाला होता. रंगाची गन धुऊन ठेवली होती. एकट्यासाठी नवा डबा फोडायला कोणी तयार नव्हतं.

"उद्या सकाळी मारून घेऊ," सर म्हणाले आणि हॉटेलवर गेले.

सकाळी माझी प्लेट पिवळट तांबडी पडली होती. चार प्लेटी राखाडी प्रायमरमध्ये चकचकीत उभ्या आणि एक माझी. सरांनी तिच्याकडे बघून मान हलवली. त्यांना वाईट वाटलं असावं, मी नाही म्हणत नाही. पण कागदावर त्यांनी लिहिलं, पृष्ठभाग नापास. प्रवीण लेखीत नापास झाला. बाकीचे पास. धनंजय पास.

धनंजय म्हणजे आमच्या शेठचा भाचा. शेठ अकोल्याचे ठेकेदार. टाक्या, पाइप, पुलाचे गर्डर, जे काही लोखंडाचं गंजतं त्याचं काम ते घेतात. मी त्यांच्याकडे मिसरूड फुटायच्या आधीपासून आहे. माझ्या आधी माझा बाप होता.

बापाच्या वेळी या कामाला नाव नव्हतं. वाळू मारणं म्हणायचे. नदीची वाळू चाळायची, वाळवायची आणि हवेनं लोखंडावर मारायची. हूड नव्हता. तोंडाला ओला दुपट्टा बांधायचे, डोळ्यांना चष्मा असला तर असला. शेठचा टेम्पो सकाळी थेट आमच्या वस्तीत यायचा. दुसऱ्या कुठल्या गल्लीत तो वळल्याचं मला आठवत नाही. वाळू मारायला पाटलांच्या घरचा कोणी आला नाही, माळ्यांच्या घरचा कोणी आला नाही. त्यांच्या घरचे म्हणायचे, ते काम म्हणजे सुखासुखी मरण ओढवून घेणं. खरंच होतं ते. वस्तीत बापाच्या बरोबरीचे सगळे खोकायचे. दवाखान्यात आधी दमा म्हणाले, मग टीबी म्हणाले, शेवटी एका डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, छातीत दगडाची धूळ बसली आहे, आता निघत नाही. बाप गेला तेव्हा मी त्याच्याच जागेवर कामाला लागलो होतो.

मग दिवस बदलले. मोठ्या कंपन्यांनी वाळू बंद केली. दाणा आला. हूड आला. काम तेच, पण त्याला इंग्रजी नाव मिळालं, त्याचा कोर्स निघाला, परीक्षा निघाली. आता गेटवर कार्ड दाखवावं लागतं. कार्ड असलं तर ब्लास्टर, म्हणजे दाणा मारणारा, नसलं तर मदतनीस. कार्डवाल्याला मजुरी चांगली, विमा, बाहेरच्या देशात जायची संधीसुद्धा. आणि मग ते आले. ज्यांच्या गल्लीत टेम्पो कधी वळला नव्हता ते आले.

येऊ द्या. माझं काही म्हणणं नाही. काम कोणाच्या बापाचं नसतं, असं मी बोलून जातो आणि मग मला माझा बाप आठवतो. तरीही येऊ द्या. पण आल्याबरोबर त्यांनी रांग लावली आणि आम्हाला तिच्या शेपटाला उभं केलं. धूळ होती तोवर आम्हीच पहिले होतो.

नापास होऊन अकोल्याला परत आलो. बायकोला, वैशालीला, सांगितलं की दमट हवेनं प्लेट गेली. ती जठारपेठेतल्या एका मेसमध्ये पोळ्या लाटते. हात पिठाचे होते, ते तसेच ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बाकीच्यायच्या प्लेटा नाही गेल्या?"

"नाही."

"मंग तुमचीच कशी गेली?"

मग सगळं सांगितलं. तिनं पुढची पोळी लाटायला घेतली.

"तुमी बोलले काहून नाही?"

थकलो होतो, एवढंच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसून आपला नंबर यायची वाट बघितली की माणूस काम न करताच थकतो.

सोमवारी कामावर गेलो. शहराबाहेर एका कंपनीत तेलाच्या टाक्या होत्या, एकेका टाकीत आमची अख्खी गल्ली मावली असती. गेटवरच्या शिपायानं माझ्या पासवर मदतनीस लिहिलं. धनंजयच्या गळ्यात कार्ड. टाकीत उतरायचं काम कार्डवाल्याचं. पण धनंजयनं टाकीचं भोक पाहिलं, आत डोकावला आणि मागे सरला.

"तूच जाय बे," तो म्हणाला. "तुले सवय हाय."

शेठ बाजूला उभे होते. ते म्हणाले, "कागदावर धनूचं नाव राहीन. तुले रोजी मिळते, तुले काय करायचं हाय?"

हे आमच्या धंद्यात सगळीकडे चालतं. कार्ड एकाचं, छाती दुसऱ्याची. कार्डवाला सावलीत मोबाइल बघत बसतो आणि आत बिनकार्डाचा माणूस दाणा मारतो. कंपनीलाही ठाऊक असतं. तिला कागद लागतो आणि टाकी लागते, दोन्ही मिळालं की ती विचारत नाही.

मी आत गेलो. अंधार, उकाडा, जुन्या तेलाचा वास. एका पायावर वजन देऊन दाण्याच्या नळीचा नोझल धरायचा, कारण तो माणसाला मागे रेटतो. पावसाळा संपून दिवाळी आली आणि गेली, मी त्याच टाक्यांमध्ये होतो. बाहेर आलो की कामाची वही धनंजयच्या सहीनं भरलेली असायची.

एक दिवस कंपनीचा मोठा साहेब फोटो काढायला येणार होता. गेटवरून निरोप आला. शेठनं ओरडून मला बाहेर काढलं. मी टाकीच्या तोंडाशी हूड काढला, केसांतून घाम टपकत होता. धनंजयनं तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि डोक्यात घातला. पुसला नाही. आतून ओला, माझ्या श्वासानं गरम. तो हातात नोझल धरून टाकीसमोर उभा राहिला, साहेबानं फोटो काढला, पाठीवर थाप दिली. मी कॉम्प्रेसरच्या मागे उभा होतो. तिथे उभं राहायला मला शेठनं सांगितलं होतं.

त्या दिवशी मला राग आला असेल असं वाटतं ना? नाही आला. हसू आलं आणि तेही अर्धवट. मी विचार केला, बरं झालं, टाकी लवकर संपेल. माणूस इतका खाली जातो आणि त्याला कळतही नाही.

मला ते कळलं पातूरला, तेही जेवणाच्या पंगतीत.

पातूरला माझी मोठी बहीण असते. तिच्या नातवाचं नाव ठेवायचं होतं. विहारात कार्यक्रम, सगळी आपली माणसं, आपल्याच वस्तीतली, सोयरे, शेजारी. वंदना झाली, पाळणा झाला, जेवणाच्या पंगती बसल्या. वरण, भात, आलुवांग्याची भाजी, बुंदी. बहिणीचा नवरा हाताला धरून लोकांना बसवत होता. मी बाळाच्या बापाचा मामा, माझा मान पुढचा. मी मात्र पहिली पंगत सोडली. दुसरी सोडली. मग एका पंगतीत बसलो, तर अगदी टोकाला, भिंतीजवळ, जिथे वाढपी पोचेपर्यंत भाजी संपते.

ताई वाढायला आली. हातात बुंदीचं ताट. ती माझ्यासमोर उभी राहिली.

"तू इकडे काहून बसून राहिला?"

"असंच."

"मघापासून पाहून राहिली मी. पाण्याले गेला तरी सगळ्यायच्या मांगं उभा राहिला. तुले कोणं काही म्हटलं का?"

"नाही."

"मंग असा कवापासून झाला रे तू?"

ती वाढायला पुढे गेली. तिला तेवढंच विचारायचं होतं. माझा घास मात्र हातात राहिला. मला कोणी शेवटी बसवलं नव्हतं. आपल्या लोकांत, आपल्या विहारात, माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरच्या पंगतीत मी आपण होऊन शेवटी जाऊन बसलो होतो. मग एकेक आठवत गेलं. गेटवर पंच करायला मी सगळ्यांच्या मागे थांबतो. पाण्याच्या कॅनजवळ मागे थांबतो. बसमध्ये सीट रिकामी असली तरी आधी इकडेतिकडे बघतो. त्या शेडमध्ये सरांनी मला एकदा शेवटी जा म्हटलं आणि मी आजवर जातोच आहे. शेठला सांगावं लागत नाही, धनंजयला सांगावं लागत नाही. मीच त्यांचं काम करतो आहे.

मला त्या पंगतीत लाज वाटली. राग नंतर आला, परतीच्या एसटीत, आणि तो उतरला नाही.

माघ महिन्यात पुन्हा परीक्षा लागली. मी नाव दिलं. शेठ म्हणाले, "दे, दे. यंदा हवा कोरडी हाय. होऊन जाशीन पास." ते मनापासून बोलले, असं मला वाटतं. त्यांना नव्या कामावर दोन कार्डं दाखवायची होती.

तीच शेड. तेच सर. पुन्हा पाच जण, प्रवीण सोडला तर सगळे नवे. प्रवीण मोर्शीच्या संत्र्याच्या बागायतदाराचा मुलगा. बागेचं भावांत वाटप झाल्यावर तो या धंद्यात आलेला. स्वभावानं चांगला. लेखी झाल्यावर त्यानं पिशवीतून संत्री काढली, दोन माझ्या हातावर ठेवली.

"घे भाऊ. घरचे हाय. यंदा आपुन दोघंही काढून टाकू पेपर."

आम्ही बाकावर शेजारी बसून संत्री खाल्ली. साली एकाच कागदावर टाकल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं.

मग सरांनी हजेरी काढली. याही वेळी पहिलं नाव माझंच. त्यांनी ते पुकारलं नाही. ते माझ्याजवळ आले, खांद्याला हात लावला.

"तुम्ही नेहमीप्रमाणे शेवटी घ्या, म्हणजे वाद नको," ते म्हणाले. "आणि मागच्या वेळेसारखं होणार नाही. मी स्वतः लक्ष घालतो. तुमच्यासाठी प्रायमर वेगळा काढून ठेवलाय. हवा पण कोरडी आहे. प्लेट काही खराब होत नाही. संध्याकाळी कार्ड तुमच्या हातात."

कोणी काही म्हटलं नव्हतं. धनंजय तिथे नव्हता. नव्या तिघांना तर मी कोण तेही माहीत नव्हतं. सरांनीच आधी व्यवस्था लावून ठेवली होती. नेहमीप्रमाणे, म्हणाले. एकदाच झालेली गोष्ट त्यांच्याकडे नेहमीची झाली होती.

आणि ते खरं बोलत होते. शेवटी गेलो असतो तर मी पास होतो. प्रायमर तयार होता, गन तयार होती, हवा कोरडी होती. बाकावर बसायचं, चौघांचं होऊ द्यायचं, मग आपलं काम करायचं. संध्याकाळी कार्ड. सोमवारी गेटवर ब्लास्टर. वैशालीच्या पोळ्या कमी झाल्या असत्या. मला हे सगळं दिसत होतं. मी काही वाघ नाही. उभ्या उभ्या मी हिशेब केला आणि हिशेब बसण्याच्या बाजूनंच निघत होता. नुकसान काहीच नव्हतं.

नुकसान काहीच नव्हतं, म्हणूनच मला बसता आलं नाही. मागच्या वेळी मला म्हणता आलं असतं की शेवटी गेल्यानं माझी प्लेट गेली. आता तेही उरलं नव्हतं. आता नुसतं शेवटी जाणं उरलं होतं, आणि त्याची किंमत म्हणून कार्ड.

मी म्हणालो, "सर, हजेरीत माझं नाव पहिलं आहे."

"अहो, मी तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

"माझं नाव पहिलं आहे," मी म्हणालो.

आणि हूड घातला.

आत गेलं की बाहेरचं नीट ऐकू येत नाही. सरांचे ओठ हलताना काचेतून दिसले. मी हवा चालू केली. प्लेट घेतली. पहिला पट्टा वाकडा गेला, मग हात बसला. गंज उडत गेला. माझ्या उभ्या आयुष्यात मी सकाळच्या उजेडात, धुतलेल्या कोरड्या हूडमध्ये काम केलं नव्हतं. बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण मी घाई केली नाही.

काम झाल्यावर हूड काढला, फडक्यानं आतून बाहेरून पुसला. माझ्यानंतर प्रवीणचं नाव होतं. मी हूड त्याच्यासमोर धरला.

त्यानं हात पुढे केला नाही. त्याच्या बोटांना संत्र्याचा वास असेल अजून. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"भाऊ, माहं डोकं दुखून राहिलं," तो म्हणाला. "मी मांगून घालतो."

बाकीच्या तिघांपैकी एकानं मान खाली घातली. एक बाहेर फोनवर बोलायला गेला. तिसरा नुसता उभा राहिला. मी हूड बराच वेळ तसाच धरून होतो. तो वजनाला जड असतो, हात भरून आला. मग बाकावर ठेवला.

धनंजयचं मला इतकं लागलं नव्हतं. प्रवीणचं लागलं. अजून लागतं. त्यानं दिलेली संत्री माझ्या पोटात होती आणि माझ्या श्वासाची त्याला भीती होती.

सर चिडले. "हे तुम्ही मुद्दाम केलंत," ते मला म्हणाले. "चार जणांची परीक्षा तुम्ही अडवली आहे."

अडवली मी? मी हेच विचारलं. शेडच्या मागच्या बाजूला लोखंडी कपाट होतं, ते त्यांनी उघडलं. आतून एक खोकं काढलं. खोक्यात दुसरा हूड होता. कोरा करकरीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. त्यांनी तो फोडून प्रवीणच्या हातात दिला. प्रवीणचं डोकं दुखायचं तेवढ्यात थांबलं असावं, कारण त्यानं तो घातला.

म्हणजे दुसरा हूड होता. खोक्यावर धूळ होती, मागच्या परीक्षेच्या वेळीही तो तिथेच असणार. काढून मला दिला असता तरी वाद मिटला असता, त्यांना दिला असता तरी मिटला असता. पण नव्या हूडचं प्लास्टिक फोडण्यापेक्षा मला शेवटी बसवणं सोपं वाटलं. मी काय, मी "बरं, सर" म्हणणारा.

माझ्या प्लेटवर मी स्वतःच प्रायमर मारला. वेळेत मारला. ती सुकली. सरांनी बाकी चारही प्लेटींना प्रायमरची जाडी मोजायचा मीटर लावला. माझ्या प्लेटपाशी आले आणि पुढे गेले. माझ्या नावापुढे लिहिलं, शिस्तभंग, निकाल राखीव.

घरी येऊन वैशालीला सांगितलं. यावेळी काही लपवलं नाही. ती ऐकत होती.

"मंग आता?"

"माहीत नाही."

"कार्ड तर गेलं."

"गेलं."

ती उठली, चहा ठेवला. पाठमोरी असतानाच म्हणाली, "मेसवाली दोन्ही टाइम ये म्हणून राहिली होती. मी हो म्हणते उद्या." तिनं मला शाबासकी दिली नाही आणि दोषही दिला नाही. तिलाही थकवा होता. तिचे खांदे दिवसभर लाटून दुखतात, आता जास्त दुखणार. मला ते कळत होतं.

दोन दिवसांनी शेठचा फोन आला.

"काय करून बसला बे तू? सरांचा फोन होता मले. त्यायले एक फोन लाव, सॉरी म्हण. कार्ड पाठवून देतो म्हणाले."

"कायचं सॉरी, शेठ?"

"अबे, म्हणाले काय जाते? तोंडानंच तर म्हणायचं हाय."

त्यांना वाटलं, मी विचार करतोय. त्यांचा आवाज मऊ झाला. "बरं, थे नंतर पाहू. सोमवारी नवी टाकी सुरू होऊन राहिली. येऊन जाय. नेहमीसारखं, धनूच्या कार्डावर."

"मी नाही येत."

"काय?"

"दुसऱ्याच्या कार्डावर मी आता टाकीत जात नाही."

"मंग आत कोण जाईन?"

"ज्याच्या गळ्यात कार्ड हाय, थो जाईन."

शेठनं शिवी दिली. बापाचं नाव काढलं, म्हणाले, तुझा बाप असा नव्हता. मी म्हणालो, नव्हता. फोन ठेवला.

तेव्हापासून काम नाही. पातूर रस्त्यावर एका वेल्डिंगच्या दुकानात रोजानं गेट आणि ग्रिल घासायला जातो, तेही रोज नसतं. वस्तीतले काही म्हणतात, बरोबर केलं. काही म्हणतात, मोठा शहाणा लागून गेला, कार्ड घ्यायचं होतं गुपचूप आणि मग बोलायचं होतं. त्यांचंही मी ऐकून घेतो. भांडायची ताकद नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार दिली आहे. पोलीस ठाण्यातही दिली आहे, तिथे हवालदारानं विचारलं, शिवी दिली का? मारलं का? मग झालं काय? मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पुन्हा बोलावलं तर पुन्हा सांगेन. शेठचा माणूस दोनदा घरी येऊन गेला, तक्रार मागे घे म्हणून. घेणार नाही.

पुढच्या परीक्षेला मी नाव दिलं आहे. मला घेतील की नाही, माहीत नाही. घेतलं तर पास करतील की नाही, तेही माहीत नाही. त्या शेडमध्ये पुन्हा जायचं म्हटलं की आतापासूनच अंगातलं बळ जातं. तरी जाईन. माझं नाव पुकारलं की उठेन. नाही पुकारलं तरी उठेन. माझ्यानंतर ज्याला हूड घालायचा नसेल त्यानं घरी जावं. मी आता शेवटी बसणार नाही.